रोज एकच खोटं बोलणारं मशीन

माझ्या मावशीने आयुष्यात “हे माझ्याच्याने होणार नाही” असं एकदाच म्हटलं, आणि तेही तिसऱ्या दिवशी मागे घेतलं.

मावशीचं दुरुस्तीचं दुकान एका पाच मजली इमारतीच्या तळाशी, जिन्याला लागून आहे. दुकान कसलं, खोलीच ती. गिऱ्हाईक आत आलं की मावशीला आपली खुर्ची टेबलाखाली ढकलून उभं राहावं लागतं. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर पत्र्याचे डबे. डब्यांवर तिच्या ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत: ‘चांगले’, ‘बरे’, ‘बघू’. टाकून द्यायच्या वस्तूंसाठी डबा नाही. तसा डबा ठेवला तर हात आळशी होतो, असं तिचं म्हणणं.

एकोणिसाव्या वर्षी ती रेडिओच्या कारखान्यात लागली. सरकत्या पट्ट्यासमोर बसून आलेल्या बोर्डावर अकरा टाके लावायचे आणि बोर्ड पुढे सोडायचा, एवढंच काम. टाके म्हणजे सोल्डरचे, वितळवलेल्या धातूचे थेंब, पण ती आणि तिच्या मैत्रिणी टाकेच म्हणायच्या. तिचा टाका गोल, चकचकीत आणि लहान असायचा. तपासनीस लाकडी काडीने प्रत्येक टाका हलवून बघायचा, मावशीच्या बोर्डाशी आला की काडी खिशात ठेवून द्यायचा. पुढे कारखाना बंद पडला. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मावशीने घड्याळ नाकारलं आणि आपलं सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं. तेव्हापासून लोक तिला रेडिओबाई म्हणतात, जरी आता तिच्याकडे वर्षभरात दोन रेडिओसुद्धा येत नाहीत.

तिच्या दुकानाला लागून सुईबाईंचं शिवणाचं दुकान. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत, टेबलाच्या उंचीवर, मूठभर आकाराचं एक भोक आहे. कधीतरी तिथून पाइप जाणार होता, तो गेला नाही. भोक बुजवायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मग त्यातून बोलायची सवय लागली. गेली बावीस वर्षं त्या भोकातून दिवसभर गप्पा ये-जा करायच्या. मशीनचा खडखडाट थांबला की इकडे मावशीला कळायचं, आता प्रश्न येणार.

“रेडिओ, बाही लांब ठेवू का आखूड?”

“कोणाची?”

“तुला काय करायचंय कोणाची? लांब का आखूड?”

“आखूड. खरकटी होत नाही.”

त्या वर्षी सुईबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण जिने संपले. घर पाचव्या मजल्यावर आणि दुकान तळाला, त्यामुळे सगळं त्या एका लिफ्टवर येऊन ठेपलं. चौकटीची काठी पुढे सरकवत त्या लिफ्टपर्यंत यायच्या, खाली उतरायच्या, आणि अकराच्या सुमारास भोकातून खाकरायच्या. मग एका दुपारी विजेचा मोठा झटका आला आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभीच राहिली.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या सुईबाईंच्या मुलाने आठवडाभर वाट पाहिली. मग फोन केला. “आई, महिनाअखेरीला येतो आणि तुला घेऊन जातो. दुकान सोडून देऊ. चार भिंतींत कोंडून घेऊन काय करणार आहेस तू?” तो वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. म्हणूनच सुईबाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

महिनाअखेरीला बावीस दिवस उरले होते, तेव्हा लिफ्टवाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड घेऊन मावशीकडे आला.

“बाई, ह्याचा मेंदू गेलाय. हा मधला आयसी. कंपनी म्हणते, हा बोर्ड आता कुणी बनवत नाही. अख्खी यंत्रणा बदला.”

“किती दिवस?”

“मंजुरी, सामान, माणसं. चार-पाच महिने धरा.”

“आयसी नवा मिळतो की.”

“मिळतो, पण कोरा. ह्याच्यात लिफ्टचा सगळा हिशेब भरलेला असतो, कुठल्या मजल्याला कसं थांबायचं, दार कधी उघडायचं. तो हिशेब कंपनीकडेही नाही.” मग त्याने पिशवीतून दुसरा बोर्ड काढला. हिरव्या बुरशीने खाल्लेला, कडेने गंजलेला. “ही मागच्या जिन्याची लिफ्ट. तिच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं ना, तेव्हा मोडीत काढली. बोर्ड मेला, पण आयसी जिवंत असेल. तोच मेंदू, तोच हिशेब. ह्याच्यावरून काढून त्याच्यावर बसवला तर...”

“तर?”

“तर तुम्ही आहात, बाई. दुसरं कोण आहे?”

मावशीने भिंग डोळ्यावर चढवलं. नखाएवढा काळा चौकोन. चारही बाजूंना केसांसारखे पाय, प्रत्येक बाजूला सोळा. तिचं आयर्न एका वेळी दोन-तीन पाय तापवू शकलं असतं. चौथ्यावर जाईपर्यंत पहिला पुन्हा घट्ट. चारही बाजू एकदम वितळल्याशिवाय तो उचलताच येणार नव्हता, आणि जोर लावला तर पाय तुटणार होते. आणि तसा आयसी जगात तो एकच.

तिने भिंग काढलं. “हे माझ्याच्याने होणार नाही.”

लिफ्टवाल्याने बोर्ड टेबलावरच ठेवले. घेऊन जायला त्याचं मन झालं नसावं.

संध्याकाळी पाचव्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. लिफ्ट बंद पडल्यापासून मावशी त्या टोपलीतून वर चहाचा थर्मास पाठवायची. आज टोपलीत थर्मास नव्हता. सुईबाईंची मोठी कात्री होती, लोखंडी, मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली, आणि एक चिठ्ठी. ‘होणार नाही म्हणालीस असं कळलं. हरकत नाही. कात्री तुझ्याकडे ठेव. मुलगा सामान आवरताना भंगारात देईल.’

ती कात्री तीन दिवस टेबलावर पडून होती. मावशी तिच्याभोवतीने काम करायची. कात्रीला कुणी हात लावला तर ओरडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कात्री खणात टाकली, खण ढकलून बंद केला आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेली.

“तुझं ते गरम हवेचं मशीन आठवडाभर देशील?”

मोबाइलवाला हसला. “मावशी, ह्या वयात?”

“वयाचं मशीन नको, हवेचं दे.”

त्याच्याकडे एक जुनं पडलेलं होतं. एक डबा, त्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला मूठ आणि मुठीच्या तोंडाशी बारीक नळकांडं. त्यातून तापलेली हवा येते. मावशीने ते खांद्यावरच्या पिशवीत घालून आणलं आणि ‘बघू’च्या डब्यातले मेलेले बोर्ड काढून सराव सुरू केला. पहिल्या दिवशी तिने एक बोर्ड जाळला. दुसऱ्या दिवशी तिळाएवढे भाग हवेने उडून गेले आणि ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला एक गोष्ट उमगली. चिमट्याच्या टोकाने आयसीला हळूच ढोसायचं. तो हलला नाही तर थांबायचं. हलला आणि आपणहून पोहत परत जागेवर आला, तर समजायचं की खाली सगळं पाणी झालंय. तेव्हाच उचलायचं. जोर लावायचाच नाही. जोर लावावासा वाटला, तर ती वेळ नव्हे.

आणि त्याच संध्याकाळी काका आले.

काका म्हणजे मावशीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी वीज उपकेंद्रात काम केलं. तिथे बंद न केलेलं बटण म्हणजे कुणाचा तरी जीव. निवृत्त झाले, पण बोट निवृत्त झालं नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पंखा बंद, भिंतीवरचं जे काही चालू दिसेल ते बंद. आम्ही भाचरं लहानपणी त्यांच्याकडे राहायला गेलो की अंधारात आंघोळी करायचो. “आत कोणी आहे का?” हा प्रश्न ते विचारायचे, पण बटण आधी दाबायचे.

मावशीने काम संपवून मूठ खाचेत ठेवली होती आणि हात धुवायला मागे गेली होती. मशीन आपली हवा फुंकत निवत होतं. काका आत आले, कुणी नाही असं पाहिलं, आणि भिंतीवरचं बटण दाबून समाधानाने बाहेर पडले.

ह्या मशीनची एक खोड असते. तापलेली तार मुठीच्या आत असते. हवा फिरत राहिली तरच ती निवते. वीजच तोडली की हवा थांबते, उष्णता आतच कोंडते आणि तार जळून बसते. मावशी परत आली तेव्हा मुठीतून जळका वास येत होता.

“अहो! तुम्ही बटण बंद केलंत?”

“मग? चालू राहिलं होतं.”

“ते निवत होतं!”

“बंद केल्यावरही निवलंच असतं की.”

मावशी खाली बसली. मग म्हणाली, “तुम्ही धावून आलेल्या माणसाचं नाक दाबून म्हणता, आता दम खा.”

काकांनी वाकून मुठीचा वास घेतला. बाहेर जाताना मात्र पंखा बंद करून गेले. सवयीने.

महिनाअखेरीला सोळा दिवस.

दुसऱ्याचं मशीन जळकं कसं परत द्यायचं? मावशीने ते उघडलं. मला वाटतं, काकांनी ते बटण दाबलं नसतं तर तिने ते मशीन कधी उघडलंच नसतं, आणि पुढचं सगळं वेगळंच झालं असतं. मुठीत अभ्रकाच्या कांडीवर गुंडाळलेली तार जळून तुटली होती. तिने नवी कांडी मिळवून बसवली, आणि बसवता बसवता आत नीट पाहिलं. उष्णता मोजणारा मणी तारेपासून बोटभर मागे होता. म्हणजे समोर जो आकडा दिसतो तो मण्यापाशी काय चाललंय त्याचा. नळकांड्याच्या तोंडाशी, जिथे आयसी असतो, तिथे काय आहे हे मशीनला ठाऊकच नाही. तिने आपल्या मीटरची उष्णता मोजायची बारीक तार तोंडाशी धरली. डबा म्हणत होता साडेतीनशे. मीटर म्हणत होतं दोनशे सत्तर. पुन्हा धरली, तर चारशे वीस.

म्हणजे तीन दिवस ती आंधळेपणाने सराव करत होती. पहिला बोर्ड तिच्या हाताने जाळलाच नव्हता.

मशीन मोबाइलवाल्याला परत करून ती म्हणाली, “तुझं चालू झालंय. पण ते थापाडं आहे. मी माझं घेणार.”

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातली गल्ली अरुंद आहे, वर तारांचं जाळं आणि दोन्हीकडे काउंटर. मावशी पिशवीत मीटर, एक मेलेला बोर्ड, तिळाएवढ्या भागांची पुडी आणि चिमटा घेऊन गेली. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं आणि मागे कुणी तरुण माणूस येतोय का, ते पाहिलं. कुणी येत नव्हतं.

“कुणासाठी हवंय, बाई?”

“लिफ्टसाठी.”

“लिफ्टला कशाला गरम हवा?”

“थंडी वाजते तिला. दाखवा ना.”

पहिलं मशीन देखणं होतं. निळे मोठे आकडे, शेजारी सोल्डरिंग आयर्नही जोडलेलं. हवा ढकलणारा पंखा मुठीतच. मावशीने मूठ उचलली, बंद असतानाच, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हात हवेत तसाच धरून उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

“काय करताय?” दुकानदाराने विचारलं.

“वजन करतेय.”

तिसऱ्या मिनिटाला तिचं मनगट थरथरायला लागलं. तिने मूठ खाली ठेवली. “आता चालू करा, आणि हवा अगदी कमी.” बोर्डावर तीळ ठेवला. मशीन सुरू होताच तीळ काउंटरपलीकडे उडाला. दुकानदार सवयीने वाकून शोधायला लागला.

“राहू द्या, माझ्याकडे पुडीभर आहेत. पुढचं काढा.”

दुसऱ्याचा पंप डब्यात होता. मूठ हलकी, पेनासारखी. तीळ हलला नाही. मावशीचा चेहरा जरा सैलावला. साडेतीनशेवर लावून तिने मीटरची तार तोंडाशी धरली. तीनशे अठ्ठेचाळीस.

“बघा!” दुकानदार खुलला. “दोनचा फरक. ह्याच्यापेक्षा खरं बोलणारं मशीन दाखवा मला.”

“बंद करा. निवू द्या. परत लावा.”

तीनशे एकतीस.

“परत.”

तीनशे बासष्ट.

“बाई, एवढं कोणी बघत नाही हो. आकडा सरासरीने बरोबरच येतोय.”

“माझ्याकडे आयसी एकच आहे,” मावशी म्हणाली. “त्याला सरासरी कशी समजावू?”

दुकानदाराने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग खाली वाकला आणि काउंटरखालून एक तपकिरी डबा काढला. एका कोपऱ्याला पोचा, आकडे लहान आणि लाल, फिरवायची बटणं जुन्या रेडिओसारखी. त्या बटणांवर बोटं ठेवल्यावर मावशीला कारखान्याचा पट्टा आठवला, असं तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मूठ धरून चार मिनिटं उभी राहिली. हात थरथरला नाही. तीळ उडाला नाही. साडेतीनशेला लावलं.

तीनशे दहा.

“बघितलंत? चाळीस कमी,” दुकानदार स्वतःच म्हणाला. “म्हणून तर खाली ठेवलंय. दोघांनी परत आणून दिलंय. मला वाटलं, तुम्हाला बघायचंच आहे तर सगळंच बघा.”

“परत लावा.”

तीनशे दहा.

“परत.”

तीनशे अकरा.

मावशीने ते सहा वेळा केलं. बाजूच्या काउंटरवरचा माणूसही येऊन बघायला लागला होता. सहाव्यांदा मीटरवर तीनशे दहा आलं तेव्हा तिने तार गुंडाळली. मग मूठ खाचेत ठेवली आणि कान देऊन उभी राहिली. हवा चालूच होती. आकडा उतरत उतरत शंभराखाली गेला, आणि मगच डबा आपणहून गप्प झाला.

“हे द्या.”

“अहो, पण ते खोटं बोलतं!”

“बोलतं. पण रोज एकच खोटं बोलतं. मी आपली चाळीस वाढवून लावीन. ते दुसरं आज खरं बोलेल, उद्या थाप मारेल, आणि कुठला दिवस कुठला ते मला कळणार नाही.” पिशवी उचलताना ती म्हणाली, “माझ्या घरी असाच एक माणूस आहे. चुकतो, पण रोज तेच चुकतो. अठ्ठावीस वर्षं छान निभावलंय.”

महिनाअखेरीला नऊ दिवस.

तरी तिने लगेच आयसीला हात लावला नाही. तो बोर्ड पाण्यात राहिला होता, आणि आयसीच्या पोटात ओल मुरलेली असणार. तशीच गरम हवा मारली तर आतल्या ओलीची वाफ होऊन तो तडकला असता. तिने एका पत्र्याच्या डब्यात छोटा दिवा सोडला, वर जाळी ठेवून त्यावर बोर्ड ठेवला आणि झाकण लावलं. पाच दिवस आणि पाच रात्री डबा मंद उबेत राहिला. झाकण असल्यामुळे काकांना आतला दिवा दिसला नाही, आणि आयसी वाचला.

ह्या दिवसांत टोपली रोज खाली यायची. एकदा चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: ‘होतंय का काही?’ मावशीने उलट बाजूला लिहिलं: ‘वाळत घातलंय.’ त्यावर उत्तर आलं: ‘कपडे का?’ मावशीने उत्तर दिलं नाही. आशा टोपलीत घालून वर पाठवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

तीन दिवस उरले असताना, सकाळी, उजेड चांगला असताना तिने टेबल मोकळं केलं. मशीनवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं: ‘४० जास्त बोलतो’. मग काकांना बोलावलं.

“अहो, इथे स्टुलावर बसा. हे बटण. मी सांगेपर्यंत हे कुणीही बंद करायचं नाही.”

“कुणी म्हणजे?”

“कुणीही. तुम्ही धरून.”

काका बटणाकडे तोंड करून बसले. उपकेंद्रात ड्यूटीवर बसायचे तसे, पाठ ताठ, हात मांडीवर. एकदा मोबाइलवाला डोकावून “झालं का?” म्हणाला, तर काकांनी त्याला बोटानेच बाहेर काढलं.

मावशीने आजूबाजूचे भाग चांदीच्या कागदाने झाकले, सोल्डर नीट वितळावं म्हणून पायांवर पेस्ट लावली. लाल आकडा तीनशे नव्वद. हवा कमी. नळकांडं आयसीभोवती गोल गोल फिरवायला सुरुवात केली, मुलाच्या ताटातलं निववत फुंकर घालावी तसं, कुठेच न थांबता. एक मिनिट. पेस्ट धुरकटली. दोन मिनिटं. पाय अजून मळकट होते. चिमट्याने ढोसलं. हलला नाही.

“झालं का?” काका, मान न वळवता.

“बोलू नका.”

ढोसलं. हलला नाही. तिच्या बोटांत तो जोर आला होता, जरासा, कडेने उचकटून बघावं असा. तिने चिमटा मागे घेतला आणि आणखी फिरवत राहिली. मग चौथ्या मिनिटाच्या आधी, एका क्षणी, चारही बाजूंचे चौसष्ट पाय एकदम चमकले, ओल्या वाळूवरून उन्हाची तिरीप जावी तसे. ढोसलं. आयसी केसभर सरकला आणि पोहत जागेवर आला.

तिने तो उचलला. अगदी कागद उचलावा तसा.

भिंगाखाली पाय मोजले. चौसष्ट. पुन्हा मोजले. चौसष्ट, सरळ. दुसऱ्या बोर्डावरचा मेलेला आयसी काढताना तिचा हात इतका मोकळा होता की ती गुणगुणत होती. तांब्याची वेणी फिरवून जुनं सोल्डर टिपून घेतलं, नव्या जागेवर आयसी ठेवला, त्याच्या कोपऱ्यातला ठिपका बोर्डावरच्या ठिपक्याशी जुळवला आणि दोन कोपरे आपल्या जुन्या आयर्नने टाचले. मग बाकीचे टाके, एकेक करून, कारखान्यात लावायची तसे. गोल, चकचकीत, लहान.

शेवटच्या टाक्यानंतर तिने बोर्डावरून एकदा गरम हवा फिरवली आणि मूठ फुंकत खाचेत ठेवली.

“आता?” काकांनी विचारलं.

“आकडा वाचा.”

“दोनशे साठ.” थोड्या वेळाने, “एकशे नव्वद.” मग, “एकशे तीस. एकशे दहा. ब्याण्णव. गप्प झालं.”

“आता करा बंद.”

काकांनी बटण दाबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ते काम सांगितलं होतं. आवाज जरा खणखणीतच आला.

लिफ्टवाल्याने दुपारी बोर्ड बसवला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गुरगुरली, मग हलली. त्याने तिला रिकामी वरखाली फिरवली, प्रत्येक मजल्यावर थांबवली, दारात हात घालून दार परत उघडतं का ते पाहिलं, वाळूची पोती भरून पुन्हा फिरवली. मावशी तळाशी उभी होती, ॲप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून. तो ॲप्रन सुईबाईंनीच शिवला होता. शेवटी लिफ्टवाला म्हणाला, “आणा काकूंना.” काका आणायला वर गेले.

वरचा आकडा पेटला. पाच. चार. तीनवर क्षणभर थांबल्यासारखा वाटला. दोन. एक. शून्य. दार उघडलं.

आत काळोख होता.

मावशीचे हात खिशातून बाहेर आले. लिफ्टवाला पुढे धावला. तेवढ्यात काळोखातून सुईबाईंचा आवाज आला. “रेडिओ, तुझ्या नवऱ्याला आवर. दार लागायच्या आत ह्यांनी दिवा घालवला.”

“चालूच राहिला होता,” काका आतून म्हणाले.

मुलगा महिनाअखेरीला आला खरा, पण जातानाच्या दोन तिकिटांपैकी त्याने एकच वापरलं. स्वतःचं. लिफ्ट सुरू झाली त्या दुपारी मावशी परत दुकानात आली, भिंगाला फडकं मारलं, तपकिरी डब्यावर कापड टाकलं. पलीकडे कुलूप निघालं, शटर वर गेलं, खुर्ची सरकली. बऱ्याच दिवसांची धूळ झटकल्याचा आवाज आला. मग भोकातून खाकरणं.

“रेडिओ.”

“काय?”

“माझी कात्री कुठाय?”

मावशीने खण उघडला. कात्री बंद केली, मुठीची बाजू पुढे धरली आणि भोकातून पलीकडे सरकवली. पलीकडून कुणीतरी ती धरली, आणि मगच तिने सोडली.